‘रॅशनल’ला मराठीत काय म्हणायचं? : तर्क, विवेक आणि तारतम्य

कार्यक्रमपत्रिकेत आजचा विषय जरा भारदस्त छापला गेलाय. प्रत्यक्षात विषय एका पत्रकाचा आहे. दोन घड्यांचं, गुलाबी कागदावर छापलेलं साधं पत्रक. ते मराठीत करताना एका शब्दापाशी आमचं अडलं, आणि त्या अडण्यातून जे वाचलं, ऐकलं, आपापसांत भांडलो, ते आज तुमच्यापुढे ठेवायचंय. व्यासपीठावर एकच जण दिसत असला तरी काम चौघांचं आहे. म्हणून आज सगळीकडे ‘आम्ही’ असंच म्हणू.

आम्ही आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणतो. मूळ इंग्रजी मजकुरात औषधांच्या ‘रॅशनल’ वापराबद्दल लिहिलं होतं. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं नैरोबीत तज्ज्ञांची परिषद भरवली होती. त्या परिषदेनं केलेली या वापराची व्याख्या आजही प्रमाण मानली जाते. आता, याच्या उलट जे ‘इर्रॅशनल’, त्याचं मराठी करायला आम्हाला वेळ लागला नाही. अविवेकी म्हणा, अतार्किक म्हणा, असमंजस म्हणा. पण पत्रक लोकांना ‘असं करू नका’ एवढंच सांगणार नव्हतं. ‘असं करा’ हेही सांगणार होतं. म्हणजे उलट बाजूचा शब्द हवा. तिथं चौघांचे चार शब्द निघाले : तर्कशुद्ध, विवेकी, शास्त्रीय आणि वाजवी. आमच्या लक्षात आलं की हे चार शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. प्रत्येकाचं घराणं वेगळं, भांडण वेगळं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं तपासायला बरं. या कल्पनेला दोन बाजू आहेत : एक पुराव्याची आणि दुसरी मापाची. आपल्या लेखी मराठीनं, विशेषतः सुधारणेच्या मराठीनं, पुराव्याची बाजू उचलली. मापाची बाजू घरात, बाजारात, बोलण्यात राहिली. दोघींची गाठभेट फारशी होत नाही, आणि त्यामुळे आपण पुष्कळदा चुकीच्या माणसाला अविवेकी म्हणून मोकळे होतो.

मुळापासून पाहू. इंग्रजी शब्दाच्या मागे लॅटिन ‘रेशिओ’ आहे. त्याचा अर्थ हिशेब, मोजणी, आणि त्यावरून विचार, कारण. याच मुळातून आलेला दुसरा एक शब्द तुम्ही-आम्ही सगळे रोज वापरतो : रेशन. (हशा) हो, रेशनकार्डातलं रेशन. मोजून दिलेला वाटा. आणि रेशनच्या दुकानाचं सरकारी मराठी नाव काय? रास्त भाव दुकान. ‘रास्त’ हा फारसी शब्द; सरळ, खरं, योग्य असा त्याचा अर्थ. म्हणजे रांगेत पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरच्या पाटीत हा अर्थ आधीच आलेला होता. आम्ही तो शब्दकोशात शोधत होतो.

ग्रीकांकडेही हीच जोडी दिसते. ‘लोगोस’ म्हणजे शब्द, विचार आणि गुणोत्तरही. जी राशी गुणोत्तरात बसत नाही तिला ते ‘अलोगोस’ म्हणत. आपल्या गणिताच्या पुस्तकांनी याचं भाषांतर फार शहाणपणानं केलं आहे : परिमेय आणि अपरिमेय संख्या. दोनचं वर्गमूळ अपरिमेय आहे, त्याला कुणी अविवेकी म्हणत नाही. (हशा) इथं भाषांतरकारानं ओळखलं की मामला मापाचा आहे. ‘मा’ म्हणजे मोजणं. त्यातून परिमेय, प्रमेय, प्रमाण. हा ‘प्रमाण’ शब्द लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

आता एकेक शब्द.

पहिला ‘तर्कशुद्ध’. ऐकायला हा सगळ्यांत नेमका वाटतो. अडचण अशी की मराठीत ‘तर्क’ शब्दाची पत थोडी संशयास्पद आहे. तर्क करणं म्हणजे अंदाज बांधणं. तर्कवितर्क म्हणजे बसल्या बसल्या केलेल्या शंका. तर्कट रचणं म्हणजे कुभांड रचणं, आणि तर्कटी माणसापासून लोक चार हात लांब राहतात. याला भाषेचा अडाणीपणा म्हणता येणार नाही. न्यायदर्शनातही तर्काला स्वतंत्र प्रमाणाचा मान नाही. तिथं प्रमाणं चार : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द. तर्क हा सोळा पदार्थांपैकी एक, प्रमाणांना मदत करणारा. ‘असं नसतं तर काय झालं असतं’ हे तपासून पाहणारा. म्हणजे शास्त्रात तो मदतनीस, आणि बोलीत तो जरा आगाऊ मदतनीस. शिवाय तर्कशुद्धतेला आरंभाशी देणंघेणं नसतं. गृहीतक क्रूर असेल तर निष्कर्षही तर्कशुद्धपणे क्रूर निघू शकतो. नुसत्या या शब्दावर आम्हाला पत्रक उभं करता येईना.

दुसरा ‘बुद्धिप्रामाण्य’. आगरकरांच्या नावाशी हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ सुरू केलं आणि १८९५ साली, चाळिशीही गाठायच्या आत ते गेले. बुद्धिप्रामाण्याची खरी ताकद त्याच्या विरुद्धार्थी शब्दात आहे. त्याच्यासमोर उभे आहेत ग्रंथप्रामाण्य आणि शब्दप्रामाण्य. म्हणजे हा शब्द एक प्रश्न विचारतो : पुरावा कुणाचा धरायचा? पोथीचा, वडीलधाऱ्यांचा, की स्वतःच्या बुद्धीचा? एका विधवा मुलीचं केशवपन करायचं की नाही, हा वाद चालू असताना हा प्रश्न विचारायला छाती लागत होती. शब्द लढाईत तयार झालाय आणि लढाईत अजूनही चालतो. पण तापाच्या गोळीबद्दल काही सांगताना ‘बुद्धिप्रामाण्यवादी वापर’ म्हटलं, तर तोफ लावून चिमणी उडवल्यासारखं होतं.

तिसरा ‘विवेक’, आणि इथं थोडं थांबायला हवं, कारण आज हाच शब्द सगळ्यांत पुढे आहे. १९९० साली नागपुरात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी ‘आजचा सुधारक’ सुरू केला. नावातच आगरकरांचं स्मरण होतं. तिथं त्यांनी ‘विवेकवाद’ या नावानं लेखमाला लिहिली, आणि रॅशनॅलिझमला मराठीत हे नाव पक्कं बसलं. बुद्धीऐवजी विवेक पुढे आला याचा एक मोठा फायदा झाला. बुद्धी चलाख असू शकते. विवेकात चांगलं-वाईट हेही येतं. पुढे डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीनं हा शब्द गावोगाव नेला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला; त्यानंतर निघालेल्या मोर्च्यांमधल्या फलकांवर सगळ्यांत जास्त दिसणाऱ्या शब्दांत हा एक होता. त्या शब्दाचं वजन आम्ही कमी लेखत नाही. त्यासाठी माणूस गेला आहे.

तरीही टीकाकार म्हणून काही गोष्टी बोलायलाच हव्यात. विवेक म्हणजे मुळात वेगळं करणं, निवडणं. तांदळातले खडे निवडावेत तसं. वेदान्तात साधकाच्या चार साधनांपैकी पहिलं आहे नित्यानित्यवस्तुविवेक : टिकणारं कुठलं आणि न टिकणारं कुठलं हे निवडणं. त्याच्या पाठोपाठ येतं वैराग्य. सांख्यांचा विवेक पुरुष आणि प्रकृती वेगळे ओळखतो. ज्ञानेश्वर, रामदास यांच्याकडेही हा शब्द वारंवार भेटतो, आणि तिथं तो श्रद्धेच्या विरोधात उभा नाही, तिच्या शेजारी बसलेला आहे. म्हणजे विवेकवाद्यांनी आपल्या झेंड्यावर जो शब्द घेतला, तो त्यांनी ज्यांच्याशी वाद घातला त्यांच्या अंगणातून आलेला आहे. मुंबईहून निघणारं संघविचाराचं एक जुनं साप्ताहिकही याच नावाचं आहे. शब्द कुणाच्या सातबाऱ्यावर नसतो, हे ठीकच. पण त्यामुळे होतं काय, की व्यासपीठावरचा वक्ता ‘विवेक’ म्हणतो तेव्हा त्याला चिकित्सा म्हणायचं असतं, आणि समोर बसलेल्या आजींना कीर्तन ऐकू येतं. दोघंही मान डोलावतात. एकमत झालं असं दोघांनाही वाटतं.

तिसरीच गंमत अर्थशास्त्रात आहे. तिथल्या मराठी पुस्तकांत उपभोक्ता ‘विवेकशील’ असतो असं गृहीत धरतात. हा विवेकशील गृहस्थ काय करतो? आपल्या पैशात स्वतःला जास्तीत जास्त समाधान कसं मिळेल ते पाहतो. वेदान्ताचा विवेकी संसारातून पाय काढून घेतो, चळवळीतला विवेकी देवऋष्याला आव्हान देतो आणि अर्थशास्त्रातला विवेकी सेलमध्ये दोनवर एक फुकट घेतो. (हशा) एकाच शब्दाच्या माथी एवढे संसार आल्यावर तो पत्रकावर नेमकं काय सांगणार?

मानसोपचारात मात्र या शब्दानं चांगलं काम केलं आहे, हेही नोंदवतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, ती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि मराठीत तिला ‘विवेकनिष्ठ’ हे विशेषण मिळालं. तिथला अविवेक म्हणजे काय ते पाहा. ‘मला यश मिळावं’ ही इच्छा ठीक. ‘मला यश मिळालंच पाहिजे, नाहीतर सगळं संपलं’ हा अविवेक. मराठीत तो सगळा अविवेक त्या एका ‘च’मध्ये मावतो. थोडक्यात, इथंही प्रश्न मापाचाच आहे. नुकसान वाईट आहे. पण ते किती वाईट, याचं माप सुटलं की माणूस आजारी पडतो.

आता पत्रकाकडे येतो. पहिला मसुदा ‘औषधांचा विवेकी वापर’ या मथळ्याचा झाला. छापण्याआधी तो वाचून दाखवायचा, हा आमचा शिरस्ता. एका गावात शाळेच्या ओट्यावर दहा-बारा बायका बसल्या होत्या. आम्ही वाचलं. साध्या सर्दीतापाला इंजेक्शन लागत नाही. उगाच सलाइन लावून घेऊ नका, त्यात बव्हंशी मीठ-पाणीच असतं. जुलाब झाले आणि तोंडानं पिता येत असेल तर क्षारसंजीवनीचं पाणी द्यावं. डॉक्टरांकडे ‘बाटली लावा’ म्हणून हट्ट धरणं अविवेकी आहे. इथवर आलो आणि पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “ताई, तुमी म्हन्ता ते खरं असंल. पन माजा रोज बुडतो त्याचं काय? सुई टोचली की दुसऱ्या दिवशी खुरपायला जाता येतं, असं वाटतं. गोळ्या घेऊन चार दिस घरी बसले तर ते पैसं कोन देनार?”

आमच्याकडे उत्तर नव्हतं. तिचा हिशेब बरोबर होता. तिच्या हाती असलेली माहिती चुकीची होती, आणि ती तिला कुणी दिली? पाच मिनिटांत सुई टोचून पैसे घेणाऱ्यानं. आपण मात्र ‘अविवेकी’ हा शिक्का मारला तो तिच्यावर. बुडणारी मजुरी एका पारड्यात आणि सुईचा खर्च दुसऱ्यात टाकून ती तोलत होती. लॅटिन ‘रेशिओ’चा अर्थ याहून वेगळा काय आहे?

मागं भिंतीला टेकून एक म्हातारी बसली होती. तिनं विषय मिटवला. म्हणाली, “म्हंजी औषीद तारतम्यानं घ्यावं, असंच ना बाळा? मग तसं लिवा की.”

परत येताना गाडीत आम्ही त्या शब्दावरच बोलत राहिलो. तारतम्य. रचना पाहा त्याची. संस्कृतात तुलना करताना ‘तर’ आणि ‘तम’ हे प्रत्यय लागतात : लघु, लघुतर, लघुतम. ह्या दोन प्रत्ययांतून ‘तारतम्य’ तयार झालं. अधिक कुठलं आणि सर्वांत अधिक कुठलं, हे कळणं म्हणजे तारतम्य. व्याकरणातले दोन प्रत्यय उचलून भाषेनं शहाणपणाचं नाव ठेवलं, आणि ते पंडितांच्या पुस्तकातून ओट्यावरच्या म्हातारीपर्यंत पोचलं. याच गोतावळ्यातले आणखी शब्द आहेत. ‘सारासार विचार’ : सार काय, असार काय. ‘वाजवी’, अरबी ‘वाजिब’वरून, जेवढं देणं लागतं तेवढं. आणि मघाचा ‘रास्त’. यांतला कुठलाही शब्द फलकावर दिसत नाही. पण भाजीवाल्यापासून सोयरिकीपर्यंत मराठी माणूस कारणानं वागतो तेव्हा तो याच शब्दांत वागतो.

घरी येऊन नैरोबीची व्याख्या पुन्हा उघडली. तिचा आशय असा : रुग्णाला त्याच्या गरजेला योग्य औषध मिळावं, त्याला लागेल तेवढ्या मात्रेत मिळावं, पुरेसे दिवस मिळावं, आणि त्याला व समाजाला कमीत कमी खर्चात मिळावं. गरज, मात्रा, मुदत, खर्च. चारही मोजायच्या गोष्टी. म्हातारीनं व्याख्या वाचलेली नव्हती, पण भाषांतर तिचं बरोबर होतं.

इथं थांबलो असतो तर व्याख्यान गोड झालं असतं. पण आमच्यातल्याच एकीनं हरकत घेतली, आणि ती हरकत खरी आहे. ती म्हणाली, “तारतम्य हा शब्द मी आयुष्यभर ऐकलाय. ‘जरा तारतम्य ठेवून बोल’ हे घरात कुणाला सांगतात? सुनेला. ‘समंजस आहे हो’ असं कौतुक कुणाचं होतं? जी गप्प बसते तिचं.” बरोबर आहे. वाजवी काय हे ठरवणारा तराजू कुणाच्या तरी हातात असतो. केशवपन होत होतं तेव्हाही चार शहाणी माणसं म्हणत असणारच की थोडं तारतम्यानं घ्या, एकदम रूढी मोडू नका. तिथं माप घेऊन बसण्यात अर्थ नव्हता, कारण मापच खोटं होतं. ते खोटं आहे हे सांगायला आगरकरांचा तो अवजड शब्दच लागतो. पुरावा मागणारा.

म्हणजे तारतम्याला पुराव्याशिवाय धार नाही. मजुरी आणि सुई तोलणाऱ्या त्या बाईकडे तोलण्याची अक्कल होती. ‘सुई घेतल्यानं लवकर उठता येतं’ या समजुतीला पुरावा काय, हे विचारायची सोय तिला कुणी दिली नव्हती. आणि आम्हाला पुरावा ठाऊक होता, पण तिच्या पारड्यात काय आहे ते पाहायची सवय नव्हती. दोघांच्याही हातात अर्धाच शब्द होता.

पूर्ण शब्द मराठीत आहे का? आता तो मघाचा ‘प्रमाण’ आठवा. ‘याला प्रमाण काय?’ म्हणजे पुरावा काय. आणि ‘मीठ प्रमाणात घाल’ म्हणजे मापात. शाळेत ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ शिकतो तेही हेच. पुरावा आणि माप, दोन्ही एकाच शब्दात, आणि तो शब्द न्यायशास्त्रातही आहे आणि स्वयंपाकघरातही. ‘बुद्धिप्रामाण्य’ म्हणताना आपण त्यातला पहिला अर्थ उच्चारतो आणि दुसरा विसरतो. आमची सूचना एवढीच आहे की तो दुसरा अर्थ विसरू नये. समोरच्याला प्रमाण काय म्हणून जरूर विचारावं, आणि विचारताना आपलं बोलणं प्रमाणात आहे का, तेही पाहावं. एखादा बाबा-बुवा लोकांना लुबाडतो आणि एखादी आई मुलाला दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळते, या दोन्हींना एकाच दमात, एकाच आवाजात अविवेकी म्हणणं हे आम्हाला प्रमाण सोडून बोलणं वाटतं. पहिल्यासाठी कायदा हवा. तो २०१३ साली झाला, आणि व्हायलाच हवा होता. दुसरीशी बोलत बसावं लागतं, कदाचित बरीच वर्षं.

पत्रकाचं पुढं काय झालं, ते सांगून संपवतो. ‘विवेकी’ काढलं. ‘अविवेकी’ तर काढलंच. मथळा केला, ‘औषध : गरजेपुरतं आणि प्रमाणात’. आत चार प्रश्न छापले, डॉक्टरांना विचारायचे : हे लागतंच का? किती घ्यायचं? किती दिवस? याहून स्वस्त काही आहे का? पाचवा प्रश्न त्या बाईमुळे आला : मी कामावर कधी जाऊ शकेन? मूळ इंग्रजीत तो नव्हता. भाषांतरकारांनी पदरचं घालू नये असा नियम आहे, तो आम्ही मोडला. त्या बाईच्या बुडणाऱ्या रोजाचं उत्तर पत्रकात अजूनही नाही. ते भाषेच्या हातातलं नाही. पण निदान तो प्रश्न छापला गेलाय.

तुमच्या भागात या अर्थानं आणखी कुठला शब्द बोलला जात असेल, तर तो आम्हाला ऐकायचा आहे. प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.